बोटीचं इंजिन नीट चालत नाही? पाना उचलण्याआधी काय पाहायचं

इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, इंजिन कुरकुरायला लागलं की नवख्या माणसाचा हात आधी पान्यांच्या पेटीकडे जातो. फिल्टर बदलून बघू, नोझल काढून बघू, कुणीतरी म्हणालं म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकू. संध्याकाळपर्यंत पाच गोष्टी बदलून झालेल्या असतात. इंजिन तसंच असतं, आणि समजा सुधारलंच तर कशामुळे सुधारलं ते सांगता येत नाही. मग तोच त्रास पुढच्या महिन्यात पुन्हा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यापेक्षा आधी एकच प्रश्न धरून बसा: त्रास नेमका कधी होतो? थंड असताना की तापल्यावर? न्यूट्रलमध्येही, की गिअर टाकल्यावरच? शांत पाण्यात, की लाटा लागल्यावर? अचानक सुरू झाला, की महिनाभर हळूहळू वाढत गेला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या आधी इंजिनाला शेवटचा हात कुणी आणि कशासाठी लावला होता? कालच फिल्टर बदलला असेल आणि आज इंजिन गचके खात असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा शिरली आहे. नुकतंच डिझेल भरलं असेल तर पाण्याचा संशय घ्या. बोट दोन-तीन महिने पाण्यात नुसती उभी होती? मग इंजिनाच्या आधी पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बघा. ही उत्तरं कागदावर लिहून काढा. मेकॅनिकला बोलवावं लागलं तरी हाच कागद उपयोगी पडतो.

बहुतेक मोठी इनबोर्ड इंजिनं डिझेलची असतात, म्हणून इथे जास्त जागा डिझेललाच दिली आहे. पेट्रोल इंजिनाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे, पण पेट्रोलची बोट असेल तर तो भाग आधी वाचा.

हात घालण्याआधी

बोट चालू असताना त्रास झाला तर आधी बोट सुरक्षित करा. पाणी उथळ असेल तर नांगर टाका. वाहत जाणाऱ्या बोटीवर घाईघाईने केलेली तपासणी कधीच धड होत नाही. चालू इंजिनाच्या पट्ट्यांजवळ सैल बाही, गळ्यातला पंचा, लोंबती दोरी नको. गरम इंजिनाच्या कूलंटचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते थेट तोंडावर उडतं.

डिझेल इंजिनाला काय लागतं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि नोझलमधून आलेलं डिझेल त्या उष्णतेने पेटतं. म्हणजे स्वच्छ डिझेल, भरपूर हवा, चांगलं कॉम्प्रेशन आणि जळालेला धूर बाहेर जायला मोकळी वाट, एवढं मिळालं की ते चालतं. त्यातलं कॉम्प्रेशन सहसा एका रात्रीत जात नाही. म्हणून काल ठीक असलेलं इंजिन आज मध्येच बंद पडलं, तर रिंगा, पिस्टन वगैरे डोक्यातून काढून टाका. पहिला संशय डिझेलच्या पुरवठ्यावर.

तीन चाचण्या, जवळजवळ फुकटातल्या

यातली प्रत्येक चाचणी अडचणीचे दोन भाग करते आणि एक भाग बाजूला काढते.

पहिली, न्यूट्रल आणि गिअर. बोट घट्ट बांधलेली असताना न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. इंजिन स्वच्छ आवाजात वर जातं, पण गिअर टाकून मोकळ्या पाण्यात पूर्ण रेस दिली की आरपीएम कंपनीने दिलेल्या आकड्याच्या बरंच खाली अडकतो आणि काळा धूर येतो? तर त्याच्यावर भार जास्त पडतोय किंवा त्याचा श्वास कोंडतोय. पंख्यावर शिंपले आणि शेवाळ, पंख्यात गुंतलेली जाळी किंवा दोरी, खरबरीत झालेला तळ, अशी कारणं आधी बघा. पंख्याच्या पात्यांवर शिंपल्यांचा पातळ थर असला तरी बोटीची चाल लक्षात येईल इतकी मरते. न्यूट्रलमध्येही मिस मारत असेल तर मात्र दोष इंजिनातच आहे, पंखा विसरा.

दुसरी, इंजिनखोलीचं झाकण. पूर्ण भारावर चालवताना झाकण उघडा. आरपीएम वर गेला आणि धूर कमी झाला, तर इंजिनाला हवा पुरत नाही. हवेच्या वाटेवर ठेवलेली लाइफ जॅकेटं, ताडपत्री, तुंबलेला एअर फिल्टर, एवढंच कारण निघू शकतं.

तिसरी, वेगळा डबा. माझ्या मते ही चाचणी सगळ्यात मोलाची, आणि लोक ती सगळ्यात कमी करतात. स्वच्छ डिझेलचा एक डबा घ्या. टाकीकडून येणारी नळी सोडवून, त्या जागी डब्यात बुडवलेली नळी लावा. परतीची नळीही डब्यातच सोडायला विसरू नका, नाहीतर नोझलकडून परत येणारं डिझेल टाकीत जाईल आणि डबा बघता बघता रिकामा होईल. आता इंजिन भारावर चालवा. ते सुरळीत चाललं तर दोष टाकीच्या बाजूला आहे: टाकी, तिच्यातली जाळी, नळी, व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) किंवा पहिला फिल्टर. तसाच त्रास राहिला तर दोष पुढे आहे.

इथे एक खुबी आहे. डबा इंजिनापेक्षा उंच ठेवला तर डिझेल आपोआप खाली उतरतं आणि टाकीतून डिझेल खेचणारा फीड पंप कमकुवत असला तरी सांभाळून घेतला जातो. म्हणून आधी उंच ठेवून बघा, मग टाकीच्या पातळीला खाली ठेवून बघा. उंचावर ठीक आणि खाली ठेवल्यावर गचके, असं झालं तर फीड पंप खेचत नाही किंवा तिथपर्यंतच्या नळीत कुठेतरी हवा शिरते आहे.

डिझेल: बहुतेक दुखणी इथेच

बंदरात तासन्‌तास गुण्यागोविंदाने चालणारं इंजिन नेमकं लाटांत मरतं, ही तक्रार जुनी आहे. कारण सोपं आहे. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ शांत बसलेले असतात. बोट हलायला लागली की ते ढवळून निघतात, नळीच्या तोंडाशी येतात आणि फिल्टर तुंबतो. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा काळपट चिकट गाळ होतो. त्यांना मारायची औषधं मिळतात, पण औषध घातल्यावर मेलेला गाळ एकदम सुटतो आणि पुढच्या फेरीला फिल्टर भराभर तुंबतात. औषध घातलं तर जवळ दोन-तीन फिल्टर जास्त ठेवा. टाकी आतून साफ करणं हाच खरा इलाज.

टाकी आणि इंजिन यांच्यामधला पहिला फिल्टर पाणी वेगळं करतो. त्याच्या खालच्या वाटीतून थोडं डिझेल पारदर्शक बरणीत काढा आणि काही मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं, मधली रेष स्पष्ट दिसते. पाणी निघालं तर निव्वळ डिझेल येईपर्यंत काढत राहा. काढलेलं डिझेल समुद्रात ओतायचं नाही, डब्यात भरून किनाऱ्यावर आणायचं.

फिल्टर ठीक आहे आणि तरीही इंजिन अर्धा-पाऊण तास चालून हळूहळू गळून बंद पडतं, जरा वेळाने पुन्हा सुरू होतं? टाकीचं झाकण उघडून कान द्या. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर व्हेंटची नळी तुंबली आहे. डिझेल बाहेर जातं, त्या जागी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो. मीठ, माशीचं घरटं, रंगकामात बुजलेलं तोंड, कारण काहीही असू शकतं.

आता हवेबद्दल. टाकी ते फीड पंप ही नळी खेचण्याच्या बाजूची. तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून "कुठेच गळती दिसत नाही" हे इथे काही सिद्ध करत नाही. फिल्टरची रबरी रिंग वळलेली, जुनी रिंग न काढताच वर नवी बसवलेली, क्लॅम्प ढिला, तांब्याचं वॉशर पुन्हा पुन्हा वापरलेलं, ही नेहमीची ठिकाणं. तात्पुरती पारदर्शक डिझेल नळी लावून बघितली की बुडबुडे दिसतात. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली फट ओली होऊन स्वतःच दिसते.

एअर काढायची रीत

हे काम प्रत्येक बोटवाल्याला यायलाच हवं, आणि ते शांत पाण्यात, दिवसाउजेडी शिकून घ्यावं. काही नवी इंजिनं स्वतःच हवा काढतात, तेव्हा आधी तुमच्या इंजिनाचं पुस्तक बघा. यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर साधारण क्रम असा:

१. टाकीत पुरेसं डिझेल आहे आणि टाकीचा कॉक उघडा आहे हे बघा. हास्यास्पद वाटेल, पण बघाच.

२. इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू एक-दोन फेरे ढिला करा. खाली चिंधी धरा.

३. फीड पंपाचा हाताचा खटका वरखाली करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. ते येत असतानाच स्क्रू आवळा. खटका पोकळ लागत असेल तर पंप मोडला असं लगेच समजू नका. बहुधा आतला कॅम नेमका उंच जागी थांबलेला असतो. इंजिन थोडं फिरवून पुन्हा बघा.

४. नोझलना डिझेल पुरवणाऱ्या मुख्य इंजेक्शन पंपावर एअर स्क्रू असेल तर तिथेही हेच करा.

५. तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा ढिले करा, रेस पूर्ण ठेवा आणि नटाजवळ डिझेलचे थेंब येईपर्यंत सेल्फ मारा. मग नट आवळा. हात आणि तोंड फवाऱ्यापासून लांब ठेवा, उच्च दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल जातं तिथे, ही पाचवी पायरी करायचीच नाही. तिथला दाब १००० बारच्या वर जातो. त्याने झालेली जखम वरून टोचल्याइतकी दिसते, पण तिला ताबडतोब शस्त्रक्रिया लागते.

सेल्फ मारताना आणखी एक धोका आहे, जो नवख्यांना कुणी सांगत नाही. इंजिनाच्या धुरात समुद्राचं पाणी मिसळून बाहेर जातं. सेल्फवर इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो, पण पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. ते सायलेन्सरमध्ये साठत जातं आणि शेवटी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. तिथून पुढचा खर्च नव्या इंजिनाइतकाही होऊ शकतो. म्हणून बराच वेळ सेल्फ मारावा लागणार असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा आणि इंजिन पकडताक्षणी उघडा. विसरू नये म्हणून कॉक बंद असेपर्यंत कॉकच्या दांड्याला लाल चिंधी बांधून तिचं दुसरं टोक चावीजवळ येईल असं ठेवणारे लोक आहेत, आणि ते शहाणे आहेत. सेल्फही एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये गार होऊ द्या.

सुरूच होत नाही

सेल्फ मंद फिरतो की जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही, हे आधी वेगळं करा. मंद फिरलं तर हवा पुरेशी तापत नाही आणि सगळं ठीक असूनही डिझेल पेटत नाही. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी दमलेली आहे. आकडा टिकतो पण सेल्फ फक्त टक् करतो, तर टर्मिनल आणि अर्थची वायर काढून घासा. खाऱ्या हवेत बाहेरून चकचकीत दिसणारी जोडणी आतून हिरवी पडलेली असते.

जोरात फिरूनही पकडत नसेल, तर स्टॉपची केबल अर्धी ओढलेली राहिली आहे का ते बघा. मग सायलेन्सरकडे. सेल्फ मारताना बाहेर थोडाही पांढुरका धूर येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेलच पोचत नाही. डिझेल आणि एअर काढण्याचा वरचा भाग पुन्हा वाचा. धूर येतो पण पकडत नाही, तर ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग) आणि कॉम्प्रेशनकडे वळा.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: भार, तुंबलेला एअर फिल्टर, अडलेला धूर, खराब नोझल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरजेपेक्षा जास्त भरलेलं ऑइल, झिजलेल्या रिंगा, व्हॉल्व्हची सीलं किंवा टर्बोचं सील.

पांढऱ्याशी जरा नीट वागावं लागतं, कारण तो दोन प्रकारचा असतो. वाफ हवेत पटकन विरते, तिला वास नसतो, आणि गार हवेत ती थोडी असायचीच. न जळलेलं डिझेल मात्र पाण्यावर रेंगाळतं, डोळ्यांना झोंबतं आणि मागे पाण्यावर तेलकट तवंग सोडतं. थंड इंजिन पहिल्या दोन-चार मिनिटांत असा धूर सोडत असेल तर काळजी नाही. तापल्यावरही राहिला तर एखादा सिलिंडर मरतोय. वाफ नेहमीपेक्षा खूप जास्त असेल तर पाणी कमी येतंय, किंवा कूलंट जळतंय.

कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायला, यांत्रिक पंपाच्या इंजिनावर, मंद रेसवर एकेका नोझलचा नट चिंधी गुंडाळून जरासा ढिला करतात. आवाज बदलला आणि आरपीएम पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. हाताशी इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर नट न सोडताही, सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, मॅनिफोल्डचा कुठला भाग गार राहिलाय ते दिसतं. मी हाच मार्ग सुचवेन.

तापणं आणि कोंडलेला धूर

तापमानाचा काटा चढला की रेस कमी करा आणि बोटीच्या मागे वाकून बघा: धुराबरोबर पाणी पडतंय का? नसेल तर पुढून मागे या. तळाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, बंद कॉक, तुंबलेली गाळणी, फाटलेला इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र), तुटलेला पट्टा. इम्पेलर काही क्षण कोरडा फिरला तरी खराब होतो. काढल्यावर पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधल्याशिवाय नवा बसवू नका, तो बहुधा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणारा भाग) तोंडाशी अडकलेला सापडेल. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

पाणी भरपूर पडतंय आणि तरी तापतंय, तर कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट, क्षाराने भरलेला हीट एक्स्चेंजर बघा. आणि एक्झॉस्टचं कोपर, जिथे धूर आणि पाणी एकत्र येतात. या जागी काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर होतो. महिनोन्‌महिने चाल कमी होत जाते, काळा धूर वाढतो, लोक नोझल बदलतात, पंप उघडायला पाठवतात आणि कोपर कुणी बघतच नाही. चार बोल्ट काढून आत टॉर्च मारायला फार वेळ लागत नाही. शिवाय हे कोपर आतून गंजून फुटलं तर पाणी थेट सिलिंडरच्या दिशेने जातं, त्यामुळे ते असंही अधूनमधून उघडावं.

ऑइलची काडी या सगळ्याआधी काढून बघितलेली बरी. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, इंजिन चालवू नका. पातळी आपोआप वाढलेली असेल तर आत डिझेल किंवा पाणी उतरतंय.

थरथर

फक्त गिअरमध्ये थरथर: पंख्याचं वाकलेलं पातं, दोरी, वाकलेला शाफ्ट, झिजलेलं बेअरिंग, इंजिन आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग ढिलं. न्यूट्रलमध्येही: मिस मारणारा सिलिंडर किंवा फुटलेलं माउंटिंग. कपलिंगची सरळता बोट पाण्यात असतानाच तपासतात, कारण पाण्याबाहेर बोटीचा आकार किंचित बदलतो. कपलिंगच्या दोन चकत्यांमधल्या फटीत कडेकडेने येणारा फरक चकतीच्या व्यासाच्या दर १०० मिलिमीटरला साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत हवा.

पेट्रोल इंजिन असेल तर

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साठते आणि एका ठिणगीने बोट उडते. झाकण उघडा, वास घ्या, ब्लोअर (तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, मगच चावी फिरवा. वास येत असेल तर ब्लोअरवर विसंबू नका, गळती सापडेपर्यंत काहीच चालू करायचं नाही.

बाकी तपासणी ठिणगी आणि पेट्रोल अशा दोन वाटांनी. दमट हवेत डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून ओलं होतं, प्लगच्या वायरी फुटतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं आणि ठरावीक मर्यादेनंतर पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो. उभ्या राहिलेल्या बोटीत जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरची जेट बुजवतो. सुटे भाग घेताना गाडीचा सेल्फ किंवा अल्टरनेटर स्वस्त मिळतो म्हणून लावू नका. बोटीचे भाग आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचणार नाही असे बनवलेले असतात.

कुठे थांबायचं

मुख्य इंजेक्शन पंपाची सीलबंद सेटिंग, टायमिंग, कॉम्प्रेशनची चाचणी, नोझलचा दाब, ही कामं अवजारं आणि सराव असणाऱ्याकडे सोपवा. त्याला "नीट चालत नाही" एवढंच सांगू नका. त्याला तो कागद द्या: कधी, कुठल्या आरपीएमवर, कुठल्या रंगाचा धूर, डब्यावर चालवलं तेव्हा काय झालं, झाकण उघडल्यावर काय झालं.

दुरुस्ती झाल्यावर किनाऱ्याजवळ अर्धा तास भारावर चालवा. मग बंद करून सोडलेले सगळे नट आणि स्क्रू कोरड्या कागदाने पुसा, ऑइलची काडी पुन्हा बघा आणि बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) हात घालून तेलकट लागतंय का ते तपासा.